बाळ पेटीत असताना आईबापांनी करायची कामं

कमी वजनाचं किंवा श्वासाला त्रास होणारं बाळ रुग्णालयाच्या नवजात कक्षात आत घेतलं की घरी निरोप जातो, "बाळाला पेटीत ठेवलंय." खरं तर हल्ली बरीचशी बाळं काचेच्या पेटीत नसतातच, वर हीटर असलेल्या उघड्या वॉर्मरवर असतात. शब्द जुना राहिला आणि त्याच्याबरोबर एक समजूतही राहिली, की आता आपल्या हातात काही नाही, बाहेर बाकड्यावर बसायचं आणि बोलावलं की औषधं आणून द्यायची. ही समजूत बाळाला महागात पडते. दूध आईलाच काढावं लागतं, उराची ऊब यंत्राला देता येत नाही, आणि रोजचा हिशोब ठेवणारं घरचं माणूस लागतंच.

हलवताना

सातारा-सांगलीत नेहमी होणारी गोष्ट म्हणजे बाळंतपण दहिवडी, पाटण, आटपाडी किंवा जतला होतं आणि बाळ हलवावं लागतं साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगलीच्या वसंतदादा पाटील रुग्णालयात, मिरजेला किंवा कराडला. (सातारा आणि सांगलीत लोक नुसतं 'सिव्हिल' म्हणतात, त्यामुळे फोनवर कुठलं सिव्हिल ते नीट सांगा.) आई टाके घेऊन मागे राहते, बाळ पुढे जातं.

निघण्याआधी डॉक्टरांना समोरच्या रुग्णालयात फोन करून जागा आहे का हे विचारायला सांगा. चिठ्ठीत जन्माची वेळ, वजन, किती महिने किंवा आठवडे भरले होते, बाळ लगेच रडलं का, कोणती इंजेक्शनं दिली आणि आईचा रक्तगट हे असायलाच हवं. आईला बाळंतपणाआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली असतील तर त्यांची तारीख-वेळही लिहून घ्या. पुढचे डॉक्टर हमखास विचारतात. आईच्या रक्ताचा नमुना नावाच्या चिठ्ठीसह बरोबर न्यावा का तेही विचारा, कारण बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर जुळवणीसाठी तो लागतो आणि तेव्हा आई पन्नास-साठ किलोमीटरवर असते.

गाडी १०८ची घ्या. ओळखीची जीप पाच मिनिटं आधी मिळते, पण तिच्यात ऑक्सिजन नसतो आणि वाटेत बाळ गार पडतं. गार पडलेल्या बाळाची साखर उतरते आणि श्वास आणखी बिघडतो. थोडं आजारी निघालेलं बाळ फार आजारी होऊन पोचण्यामागे पुष्कळदा हेच असतं. डोक्याला टोपी, पायात मोजे, कोरडं कापड. सोबतचे डॉक्टर हो म्हणाले तर उघड्या छातीला लावून न्यायचं. श्वास भरभर चालत असेल तर वाटेत काहीही पाजायचं नाही. बापाने बाळाबरोबर जावं, आईजवळ तिची आई किंवा सासू थांबावी.

दूध

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बाळ ओढत नाही, मग दूध कशाला काढायचं, असं म्हणून दोन-तीन दिवस जातात. शरीराला वाटतं मागणी नाही, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर "दूध आणा" म्हणतात तेव्हा येत नाही.

बाळंतपणानंतर पहिल्या तासाभरात, फार तर सहा तासांत, दूध काढायला सुरुवात करा. पुढे दर दोन ते तीन तासांनी, दिवसभरात आठ ते दहा वेळा. त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची. ती चुकवू नये, दूध वाढवणाऱ्या संप्रेरकाचा जोर रात्री जास्त असतो. सिझर झालं असेल तरी पडल्या-पडल्या दुसऱ्या बाईने मदत करायची.

हात साबणाने धुवा. छातीला कोमट ओलं कापड दोन-तीन मिनिटं लावा आणि हलक्या हाताने गोल फिरवत चोळा. अंगठा वर, पहिलं बोट खाली, स्तनाग्रापासून साधारण इंचभर मागे. आधी दोन्ही बोटं आत छातीच्या फासळीकडे ढकला, मग एकमेकांकडे दाबा, मग सोडा. ढकला, दाबा, सोडा. बोटं कातडीवरून घसरू द्यायची नाहीत आणि स्तनाग्र पिळायचं नाही. पिळल्याने दूध येत नाही, चिरा मात्र पडतात. धार थांबली की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी थोडी सरकवायची. एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. शक्य असेल तर बाळाजवळ बसून काढा, नाहीतर त्याचं दुपटं जवळ घ्या. वासाने पान्हा फुटतो, ही म्हाताऱ्यांची समजूत अगदी खरी आहे.

पहिल्या दिवशी चमचाभरही निघत नाही. जे निघतं ते पिवळं, चिकट असतं. ते 'खराब' म्हणून टाकणारी आज्जी अजून भेटते. तिला प्रेमाने पण ठामपणे थांबवा. हा चीक म्हणजे रोगाशी लढणारं दूध आहे. वाटीत काढला तर तो वाटीलाच चिकटून राहतो, म्हणून सिस्टरकडून बिनसुईची १ किंवा २ मिलीची सिरिंज घ्या आणि थेंब थेंब तीत ओढा. बाळ तोंडाने पीत नसलं तरी असे एक-दोन थेंब त्याच्या गालाच्या आत लावता येतात, डॉक्टरांना विचारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा येतो. दोन आठवडे होईपर्यंत दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास निघू लागलं तर पुढची चिंता मिटली. साडेतीनशे मिलीच्या खाली अडकलं तर वेळा वाढवा आणि सिस्टरला सांगा.

डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, मेथी, बाजरीची भाकरी, सगळं खा. बाईच्या अंगाला लागतं. पण लाडवाने दूध वाढतं आणि ताकाने बाळाला सर्दी होते, या हिशोबात अडकू नका. दूध वाढतं ते वारंवार काढल्याने. पाणी भरपूर प्या. मिश्री मात्र बंद. तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं, आणि सव्वा किलोच्या जीवाला ते झेपत नाही.

भांडं झाकणाचं, छोटं, स्टीलचं. साबणाने धुऊन, पाणी खळखळ उकळल्यावर त्यात दहा मिनिटं ठेवायचं. आतून पुसायचं नाही, उपडं निथळू द्यायचं. वर चिकटपट्टीवर आईचं नाव, तारीख, वेळ. एका वॉर्डात दोन-तीन 'पाटील' आणि तेवढ्याच 'जाधव' असतात, त्यामुळे आईचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही लिहा. बाहेर ठेवलेलं दूध चार तासांत वापरलं जावं. जतच्या एप्रिलात त्याहूनही लवकर. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, दारात नाही, २४ तास. बराच वेळ लाईट गेली असेल तर त्या दुधाचा भरवसा धरू नका.

आई तालुक्याला आणि बाळ सिव्हिलला असेल तर दूध गार करूनच न्यायचं. आधी ते फ्रीजमध्ये पूर्ण गार होऊ द्या, मग बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात भांडं प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी आत शिरत नाही. कोमट दूध बर्फात ठेवलं की बर्फही जातो आणि दूधही. मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका, आत भट्टी असते. देताना भांडं कोमट पाण्यात धरून ऊन करायचं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. उरलेलं पुन्हा ठेवायचं नाही.

"एवढंसंच देतात, बाळ उपाशी राहील" ही तक्रार प्रत्येक घरातून येते. दीड किलोच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी दोन-अडीच मिलीच देतात, नळीने. आतडी कच्ची असतात. एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि आतड्याला सूज येऊन जिवावर बेततं. रोज थोडं थोडं वाढवत किलोमागे १५० मिलीपर्यंत नेतात, म्हणजे या बाळाला दिवसाचे सव्वादोनशे, दर दोन तासांनी सुमारे १९ मिली. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भाचे दिवस धरून ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग अंगावर. बाटली मध्ये आणू नका. गाईचं, शेळीचं दूध तर नकोच.

हात

अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटाचे गंडेदोरे बाहेर काढून ठेवायचे. हिरव्या चुड्याबद्दल घरात कुरबुर होते; चुडा घरी पुन्हा भरता येतो. नखं कापलेली हवीत. पहिल्यांदा आत जाताना कोपरापर्यंत साबणाने दोन मिनिटं, बोटांच्या बेचक्या आणि अंगठ्याचं मूळ विसरायचं नाही. हात हवेत किंवा स्वच्छ कागदाने सुकवा, पदराला पुसले की धुतलेलं वाया गेलं. त्यानंतर बाळाला हात लावण्याआधी दर वेळी सॅनिटायझर. मोबाईल हातात घेतला तर हात पुन्हा धुवायचे, फोटो काढून लगेच बाळाला हात लावायचा नाही. कुणी डॉक्टर किंवा सिस्टर घाईत हात न धुता आली, तर "हात धुतले का?" असं विचारायला लाजू नका.

उराशी

बाळाला उघड्या उराशी बांधून ठेवायची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे पेट्या पुरत नव्हत्या म्हणून बाळं आईच्या उराशी बांधली गेली, आणि ती चांगली जगली. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला हे शक्य तितक्या लवकर सुरू करावं आणि दिवसाचे आठ तास ते जमेल तितका वेळ द्यावं. नळी, सलाईन, ऑक्सिजन चालू असला तरी डॉक्टरांच्या परवानगीने करता येतं. विचारल्याशिवाय कुणी सुचवेलच असं नाही, म्हणून तुम्हीच विचारा.

आईने पुढून उघडणारा गाऊन घालावा. खुर्चीत किंवा खाटेवर मागे रेलून बसायचं, सपाट झोपायचं नाही. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी, मोजे. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर. मुख्य लक्ष इथे द्या: हनुवटी छातीवर टेकली की लहानशी श्वासनलिका दुमडते आणि बाळ निळं पडतं. बाळाला बांधायच्या पट्ट्याची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी, खालून ढुंगणाला आधार हवा, आणि पोटाला श्वास घेण्याइतकी जागा. नाक आणि तोंड सतत दिसत राहिलं पाहिजे. एकदा घेतलं की निदान तासभर ठेवा. उचल-ठेव करण्यात बाळ दमतं आणि मग दहा मिनिटांचा काहीच उपयोग होत नाही.

बापालाही हे जमतं. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यायचं, अंगाला बिडी-सिगारेटचा वास नको. आई दूध काढत असताना किंवा टाके दुखत असताना हीच वेळ बापाची.

यंत्रं

मॉनिटर ओरडला की आधी बाळाकडे बघा, मग आकड्याकडे. बहुतेक वेळा पायाला लावलेला लाल दिव्याचा पट्टा सैल झालेला असतो. बाळ गुलाबी आहे, छाती हलते आहे, तर सिस्टरला शांतपणे बोलवा. निळसर, ढिलं, छाती थांबलेली दिसली तर ओरडा. कमी दिवसांची बाळं पाच-दहा सेकंद थांबत थांबत श्वास घेतात, ते चालतं. वीस सेकंदांचा खंड चालत नाही.

ऑक्सिजन वाढवा असा आग्रह धरू नका. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९५मध्ये मुद्दाम ठेवतात, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्याचा पडदा बिघडतो. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणून डॉक्टर "४०वरून २५वर आणलाय" म्हणाले तर ती चांगली बातमी. काविळीचा निळा लाईट चालू असताना डोळ्यांवरची पट्टी सरकली का तेवढं बघा. कोवळ्या उन्हात धरणं हा त्याला पर्याय नाही.

वही

दोन रुपयांची असो की वीसची, एक वही करा. रोज वजन, दूध किती मिली आणि किती तासांनी, ऑक्सिजन किती टक्के, शी-शू, आणि डॉक्टर काय म्हणाले. राऊंडच्या वेळी घरातल्या एकाच माणसाने बोलायचं. मामाने एक विचारलं, काकाने दुसरं, आणि संध्याकाळी घरात भांडण, असं नको. "बरं आहे का?" याऐवजी विचारा: कालपेक्षा आज काय बदललं? आता सगळ्यात मोठी काळजी कशाची? पुढची तपासणी कधी?

वजनावरून जीव टांगणीला लावू नका. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत घटतंच. दीड किलोचं बाळ साडेतेराशेवर येतं आणि दहाव्या ते चौदाव्या दिवशी जन्माच्या वजनाला परत पोचतं. पुढे दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढावं. एका दिवसात चाळीस ग्रॅमने घटलं, तर आधी विचारा: हाताची सलाईनची पट्टी काढली का, लंगोट ओला होता का, काटा तोच होता का?

पैसे आणि कागद

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण एक वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे. खासगीत नेणार असाल तर हलवण्याआधीच विचारा की ते रुग्णालय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि बाळाचा आजार त्यात बसतो का. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. चौकशी १५५३८८ वर. आत गेल्यावर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या माणसाला, पहिल्याच दिवशी गाठा, डिपॉझिट भरून झाल्यावर चौथ्या दिवशी नाही. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतंच. जन्माची नोंद, आईबापांची आधारकार्डं आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांनी कार्ड बीडचं आहे म्हणून मागे हटू नये, योजना राज्यभर चालते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या, बारसं व्हायची वाट बघायची गरज नाही.

आत काय न्यायचं नाही

काजळ, तीट, वेखंड, गुटी, मध, तेल, अंगारा. पाचवी घरी पुजा. नाळेला काहीही लावायचं नाही, ती कोरडी राहिली की आपोआप गळते. भेटायला येणाऱ्यांना गावातच थांबवा. "आत सोडत नाहीत" हे कारण सगळ्यांना पटतं.

आईकडेही कुणीतरी बघायला हवं. ताप, छातीत लाल दुखरी गाठ, जास्त रक्तस्राव, पायाची पोटरी सुजणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. झोप नाही, जेवण नाही, सारखं रडू येतंय आणि हे दोन आठवड्यांपुढे चाललं, तर डॉक्टरांना सांगा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि डॉक्टरांनीच आशा फार कमी आहे असं सांगितलं, तर आईला बाळापासून दूर ठेवू नका. हातात द्यायला सांगा, नाव ठेवायचं असेल तर ठेवा. बाळ गेलं तरी दूध येतं. छाती करकचून बांधायची नाही, ताण कमी होण्यापुरतं थोडंसं काढायचं, आठवड्या-दीड आठवड्यात ते ओसरतं. आईला याची आधी कल्पना दिलेली बरी.

घरी

वजन सलग तीन दिवस वाढलं, वॉर्मरशिवाय अंग गरम राहिलं आणि तोंडाने पुरेसं दूध जाऊ लागलं की सोडतात. सुटीच्या आधीच्या दिवशी पाजणं, औषध देणं सगळं सिस्टरसमोर स्वतः करून दाखवा. ड जीवनसत्त्वाच्या थेंबांत नेहमी चूक होते: एका कंपनीच्या १ मिलीत जेवढं असतं, तेवढं दुसरीच्या अर्ध्या मिलीत. बाटली बदलली तर मात्रा पुन्हा विचारा आणि तिच्याबरोबर आलेलाच ड्रॉपर वापरा.

बंद खोलीत शेगडी, धुरी नको; खटाव-माणच्या थंडीतही ऊब उराशी धरूनच द्यायची, अडीच किलो होईपर्यंत. बाळाचं पोट गरम आणि तळपाय गार लागले तर ते थंडावलंय, लगेच उराशी घ्या. दोन्ही गार असतील तर दवाखाना. दूध सोडणं, हालचाल मंदावणं, मिनिटाला साठच्या वर श्वास, छातीत खड्डा पडणं, झटके, ताप, तळहात-तळपाय पिवळे, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही, १०८.

डोळ्यांची तपासणी शेवटी सांगतोय, कारण शेवटी हीच राहून जाते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासायचा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. तिसाव्या दिवसापर्यंत बाळ बहुधा घरी आलेलं असतं, नीट दिसत असतं, आणि साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास नकोसा वाटतो. बिघाड बाहेरून दिसत नाही, आणि सापडला तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं. सुटी होताना ही तारीख, जागा आणि डॉक्टर कार्डावर लिहून घ्या आणि घरी पोचल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करा. एका तपासणीत काम संपत नाही. पडदा पूर्ण वाढला असं डॉक्टर सांगेपर्यंत पुढची तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही.